टाके नसलेला व्रण

केसपेपर

नाव : सौ. मंदाबाई अभिमन पवार. वय : चोवीस. राहणार : धरणगाव. तक्रार : उजव्या बरगडीखाली कळा आणि उलट्या, तीन वर्षांपासून. डोळे आणि लघवी पिवळी, कालपासून. पूर्वी झालेली ऑपरेशन्स :

इथं डॉक्टर बेडसे यांचं पेन थांबलं.

“लहानपणी एक झालंय, पोटाचं,” मंदा कॉटवरून म्हणाली. “मी दोन वर्षांची होते. नानांना विचारा.”

नाना म्हणजे तिचा बाप, झुलाल. तो कॉटच्या पायथ्याशी जळगावच्या फिल्म्सची पिशवी छातीशी धरून उभा होता. मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती, शिंदखेड्याजवळच्या गावी. सणाचा आमरस झाला, तुपातल्या सांजोऱ्या झाल्या, आणि त्याच संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. चौथ्या दिवशी डोळ्यांत हळद उतरली. आरोग्य खात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस; कावीळ त्याला दुरून ओळखू येई. झाडपाल्याची नावं घेऊन आलेल्या बायांना त्याने ओट्यावरूनच परत लावलं, जीप ठरवली आणि मुलीला धुळ्याला बेडसे यांच्या दवाखान्यात आणलं. जावयाला निरोप गेला, तोही रातोरात धरणगावहून आला.

बेडसे यांनी मंदाच्या पोटावरची चादर सारली. व्रण दिसला. छातीच्या खड्ड्यापासून निघून, बरगडीच्या कडेकडेने उजव्या कुशीपर्यंत गेलेला. थोडा वाकडा, पांढरट, वीतभर. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग चष्मा काढून ते खाली वाकले.

“जागा तर बरोबर पित्ताच्या ऑपरेशनची आहे,” ते म्हणाले. “पण टाक्यांच्या खुणा कुठं आहेत?”

झुलाल म्हणाला, बावीस वर्षं झाली साहेब, बुजल्या असतील.

आणि मग त्याने जी हकिगत सांगितली, ती त्याला पाठ होती.

पहिली हकिगत

एकोणसत्तर साल. पोर दोन वर्षांची. पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं, श्वास पुरेना. झुलाल तेव्हा मलेरियाच्या कामावर होता. साहेबांच्या ओळखीने जीप मिळाली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मुंबईहून एक मोठे सर्जन आठवड्यातून एकदा येत, ते नेमके त्या दिवशी आलेले. त्यांनी तासाभरात ऑपरेशन उरकलं. आतून काय काढलं ते विचारायची बापाची छाती झाली नाही. पोर वाचली, यातच सगळं आलं.

ही हकिगत त्याने पहिल्यांदा आपल्या साहेबाला सांगितली होती. मग मंदाला, ती सहा वर्षांची असताना, अंघोळीच्या दगडावर बसून तिने पोटाकडं बोट दाखवलं तेव्हा. मग सत्त्याऐंशीत तिच्या लग्नात, हळद लावताना सासूने, म्हणजे धुरपदाबाईने, व्रण पाहिला आणि मांडवात कुजबुज सुरू झाली तेव्हा. दर खेपेला हकिगतीत एखादा दाणा भरत गेला. जीप नंतर आली. मुंबईचे सर्जन त्याच्याही नंतर.

ऑपरेशन झालंच नव्हतं.

हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक झुलाल, दुसरी त्याची बायको भिकुबाई. ती आता दवाखान्याच्या जिन्यात गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

फिल्म, जळगाव

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंदाला पहिली कळ आली तेव्हा अभिमनने तिला जळगावला नेलं. अभिमन धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होता. कमी बोलणारा, बायकोच्या औषधाची बाटली स्वतः धुऊन ठेवणारा. सोबत झुलालही गेला होता.

तिथं सोनोग्राफीचं नवं मशीन आलेलं. पडद्यावर पित्ताची थैली काही सापडेना. मग गोळ्यांचा एक्स-रे काढू म्हणाले. रात्री तेलतुपाशिवाय जेवायचं, वर सहा गोळ्या गिळायच्या. गोळ्यांतलं औषध पित्ताच्या थैलीत साठतं आणि सकाळी फिल्मवर थैली पांढरी उमटते. मंदाने गोळ्या सगळ्यांच्या देखत गिळल्या. सकाळी फिल्मवर बरगड्या आल्या, मणके आले. थैली आली नाही.

गोळ्या घेतल्याच नसशील, टेक्निशियन म्हणाला. घेतल्या, ती म्हणाली. मग उलटून पडल्या असतील. नाही पडल्या. त्याने तिला दोनदा झापलं आणि आणखी एक फिल्म काढली. तीही तशीच.

मग कागद वाचणाऱ्या डॉक्टरांनी मान वर केली. लहानपणी ऑपरेशन झालंय? बरगडीखाली? अहो, मग थैली काढलेलीच असणार. आधी सांगायचं की, फिल्म्स फुकट गेल्या. त्यांनी पदर सारून व्रण पाहिला नाही; त्यांनी झुलालकडं पाहिलं. आरोग्य खात्याचा माणूस म्हणून त्याच्या शब्दाला तिथं वजन होतं.

झुलाल हो म्हणाला.

तो हो कागदावर उतरला. ‘पित्ताशय पूर्वी काढलेले.’ आणि ज्या बाईची थैलीच काढलेली, तिला पित्ताचं दुखणं कुठून असणार? म्हणून गॅसच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी फरक पडेना, म्हणून मनाच्या. शेतात कापूस फुटला की हिच्या पोटात बरोबर कळ येते, सगळं नाटक आहे, असं धुरपदाबाई आल्यागेल्याला सांगायची. कळ आली की मंदा उशी पोटाशी आवळून उकिडवी बसे, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून उशीचं टोक चावे. तीन वर्षं.

प्रत्येक आखाजीला माहेरी आली की ती बापाला विचारायची, नाना, तेव्हा माझं नक्की काय काढलं होतं हो?

नसलेला कागद

बेडसे यांनी सोनोग्राफी पुन्हा केली. पित्ताची नळी फुगली होती, तिच्या तोंडाशी खडा अडकला होता. थैली इथंही दिसेना. पोट उघडावं लागणार, हे नक्की.

“पण मला जुने कागद पाहिजेत,” ते झुलालला म्हणाले. “आधी कुणी हात घातलेला असला तर आत सगळं चिकटलेलं असतं, नळ्यांच्या जागा हलतात. थैलीची म्हणून भलतीच नळी कापली गेली तर ही पोर हातची जाईल. एकोणसत्तर साली दोन वर्षांच्या पोरीची थैली काढणारा सर्जन मला तरी ठाऊक नाही. त्याचं नाव आणा. दोन दिवस देतो.”

झुलाल सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. नसलेला कागद शोधायला.

तिथला कारकून जीवराम भला माणूस निघाला, हेच वाईट झालं. मुलीचं ऑपरेशन अडलंय म्हटल्यावर त्याने जेवणाचा डबा बाजूला सरकवला आणि स्वतः शिडीच्या लाकडी घोड्यावर चढून एकोणसत्तरची रजिस्टरं काढली. पत्र्याखाली मे महिन्याची भट्टी पेटलेली. दोघं घामाने निथळत एकेका नावावर बोट ठेवत गेले. जीवराम मोठ्याने वाचायचा, झुलाल नाही म्हणायचा. जानेवारी. फेब्रुवारी. हर्निया, अपेंडिक्स, गळू, बैलाने मारलेला. जीवरामला आशा सुटेना. एकोणसत्तर संपल्यावर त्याने आपण होऊन सत्तर काढलं. साल चुकतं माणसाचं, तो म्हणाला. मग अडुसष्टही काढलं.

“नाव सापडत नाही असं आपल्याकडं होत नाही, भाऊ,” तो म्हणाला. “आपल्याकडं मेलेलेसुद्धा सापडतात. तुमची तर जिवंत आहे.”

झुलालने बोट पुढच्या नावावर नेलं. नाही.

चार वाजता तो परत आला. मंदाच्या अंगाला खाज सुटली होती. पित्त रक्तात उतरलं की सुटते. भिकुबाई ओल्या फडक्याने तिचे दंड पुसत होती, आणि त्या दंडांवर नखांच्या रेघा होत्या. मंदाचा चेहरा सकाळपेक्षा गडद झाला होता.

“सापडला का कागद?” तिने विचारलं.

भिकुबाईने फडकं बादलीत पिळलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. झुलाल तसाच वळला, डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला आणि मागे दार लावून घेतलं.

दुसरी हकिगत

ऑपरेशन नाही. डागणी.

पोरीचं पोट फुगलं होतं हे खरं. लहान मुलांच्या त्या दुखण्याला गावात डबा झाला म्हणतात, आणि डब्यावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. गल्लीत आक्काबाई नावाची म्हातारी होती, ती डागायची. झुलाल ड्युटीवर गेलेला असताना तिने विळा तापवून पोरीच्या पोटावर ठेवला. तो घरी आला तोवर होऊन गेलं होतं.

मग लपवलं का?

कारण तो गावोगाव फिरून हेच सांगत होता. तापाच्या रुग्णाचं रक्त घ्यायचं, घराच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची, आणि निघताना बायांना बजावायचं, पोरांना डागू नका, दवाखान्यात आणा. याच आक्काबाईला त्याने महिनाभर आधी चावडीवर बसवून सगळ्या गावासमोर माफी मागायला लावली होती. त्या कामाचं शाबासकीपत्र जिल्हा परिषदेकडून आलं, ते घरात काचेत आहे. नोकरी नवी होती. त्याच्याच घरात डागलं, हे साहेबाला कसं सांगणार?

“आक्काबाई आहे का आता?”

वारली. दहा वर्षं झाली.

बेडसे यांनी केसपेपर ओढला, ‘पूर्वी झालेली ऑपरेशन्स’ यापुढची ओळ खोडली आणि ‘नाहीत’ असं लिहिलं.

“हे आधी सांगितलं असतं तर जळगावला तीन वर्षं वाया गेली नसती,” ते म्हणाले. “कुणी काढली नाही, म्हणजे थैली आतच आहे. जाणार कुठं? आक्रसली असेल, खड्यांनी गच्च भरली असेल, म्हणून मशीनला दिसत नाही. उद्या दहाला घेतो.”

झुलाल केबिनबाहेर आला तेव्हा त्याचे पाय हलके पडत होते. बावीस वर्षांनी खरं बोललो, असं त्याला वाटलं. जिन्यात भिकुबाईने विचारलं, सांगितलं का? त्याने मान हलवली. तिने विचारलं, बठ्ठं? एकूण एक?

तो पुढं निघून गेला.

आक्काबाई त्या दिवशी आलीच नव्हती. भिकुबाई तिच्या दारात पदर पसरून गेली तेव्हा म्हातारी म्हणाली होती, मला चावडीवर बसवणाऱ्यालाच सांग आता विळा तापवायला.

नुसते प्रश्न

सव्वादहाला मंदाला आत नेलं. बाकावर तिघं : अभिमन, भिकुबाई, झुलाल. अकराला दहा कमी असताना दार उघडलं आणि बेडसे बाहेर आले. हात कोपरापर्यंत वर धरलेले, हातमोजे लाल, तोंडावरचा मास्क हनुवटीला. इतक्या लवकर सर्जन बाहेर येत नाही, हे झुलालला नोकरीमुळं माहीत होतं.

“मला एकदाच आणि खरं सांगा. तिचं पोट कधी उघडलं होतं का?

“नाही? मग थैली कुठं आहे?

“यकृताखाली जिथं असते तिथं नाही, डावीकडं नाही, मागं नाही. नळीला तिचा फाटासुद्धा दिसत नाही. कुणी काढली?

“परवा तुम्ही म्हणालात, मुंबईच्या सर्जनने. काल म्हणालात, कुणीच नाही. आज काय म्हणताय?

“डाग त्या बाईनेच दिला ना? तुम्ही तिथं नव्हता ना? मग डागच होता, कापलेलं नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

“तिच्या आईने? आणि ती बाई मेलेली?

“मी कशावर विश्वास ठेवू?”

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि सरळ मांडलं. आत जुन्या हाताच्या खुणा दिसत नाहीत. पण बावीस वर्षं मोठा काळ आहे, आणि हात चांगला असेल तर फारसं काही उरत नाही. थैली आधीच काढलेली असेल तर शोधायचं काही कारण नाही. नळीतला खडा काढायचा, रबराची नळी बसवायची, अर्ध्या तासात पोट बंद. पण कुणीच काढली नसेल, तर ती यकृताच्या आत गाडली गेलेली असू शकते. खड्यांनी भरलेली थैली आत ठेवून पोट शिवलं तर वर्षा-दोन वर्षांत हेच पुन्हा, आणि पुढचा सर्जन माझा कागद वाचून तिथं बघणारही नाही. म्हणजे मला यकृत उकरून शोधावं लागेल. तिथं रक्त थांबत नाही.

दारातून भूल देणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आला. बीपी नव्वदवर आलंय, लांबवू नका.

झुलालला दोन्ही रस्ते लख्ख दिसले. काढली होती म्हटलं, तर अर्ध्या तासात पोट शिवलं जाईल, मुलगी आज वाचेल. जुनी हकिगत जिभेवर तयार होती, जीपसकट. नाही म्हटलं, तर हा माणूस आत जाऊन सुरी यकृतात घालणार. एका शब्दाचं काम. आणि तो शब्द खोटा असला तर आतली थैली, असलीच तर, तिला पुढच्या वर्षी मारणार, आणि कुणाला कळणारही नाही की बापाने मारलं.

शेजारी जावई उभा होता. त्याने काल कागदावर सही केली होती, ‘पूर्वी ऑपरेशन नाही’ हे वाचून. आता तो सासऱ्याच्या तोंडाकडं पाहत होता.

भिकुबाई बाकावरून उठली नाही. बसल्या जागेवरून, नवऱ्याचं नाव न घेता, टेबलावर पडलेल्या पोरीची आठवण देत ती म्हणाली, “आते बठ्ठं सांगी टाका. पोर टेबलवर पडेल शे.”

तिसरी

“डाग मी दिला,” झुलाल म्हणाला.

पोर तीन दिवस तापाने फणफणली होती. दवाखान्याचे डॉक्टर रजेवर होते. चौथ्या दिवशी तिची नखं निळी पडली. आक्काबाई येईना. भिकुबाई म्हणाली, तुम्ही शंभरदा पाहिलंय, तुम्हीच द्या. त्याने पाहिलं होतं, थांबवायला गेला होता तेव्हा पाहिलं होतं. चुलीत विळा घातला. दार आतून लावलं. म्हाताऱ्या बाया बोटभर डाग देतात, टोकाने. त्याला ते माहीत होतं. पण विळा आडवा टेकला आणि त्याने ओढला.

“कुठून कुठं?” बेडसे यांनी विचारलं.

“मधून बाहेर. छातीच्या खड्ड्यापासून. दोन बोटं गेल्यावर तिने अंग झटकलं, विळा उचलला गेला. मग पुन्हा टेकवला. तिथं एवढीशी कातडी साबूत राहिली आहे.” त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. “ऑपरेशनची सुरी अशी मध्ये उचलत नाहीत, साहेब. दुसरी कुणाची सुरी तिच्या पोटाला लागली नाही. ना आधी, ना नंतर. आज तुमची पहिली.”

बेडसे यांचं बोट परवा व्रण तपासताना त्या जागी अडखळलं होतं. ते झुलालकडं पाहत राहिले, आणि झुलालनेही नजर खाली घातली नाही. अभिमन एक पाऊल मागे सरकून भिंतीला टेकला.

“म्हणजे मग तिसरी गोष्ट,” बेडसे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “काढलेली नाही, आणि गाडलेलीही नसेल.” ते वळले. “उकरत नाही. आधी फिल्म. निंबा, मशीन आण. पळ.”

फिल्म, धुळे

टेबलाजवळ नेता येईल असं एक्स-रे मशीन दोन गल्ल्या पलीकडं, हाडांच्या डॉक्टरांकडं होतं. टेक्निशियन निंबा लोटगाडी घेऊन धावला. अभिमन एक शब्द न बोलता त्याच्या मागे गेला. वीस मिनिटांनी दोघं गाडी ढकलत आले. मशीन गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं, अभिमनचा सदरा पाठीला चिकटलेला. जिन्यावरून मशीन वर चढवताना झुलाल हात लावायला पुढं झाला.

“राहू द्या, मामा,” अभिमन म्हणाला.

झुलालने हात मागे घेतला.

आत काय चाललंय ते निंबा येता-जाता सांगत होता. डॉक्टरांनी सुईने नळीत औषध सोडलंय. औषध जिथं जाईल ते सगळं फिल्मवर पांढरं दिसेल. थैली कुठंही लपलेली असली, यकृतात असली, तरी तिच्याकडं जाणारा फाटा दिसेलच. बीपी पंच्याऐंशी. रक्ताची बाटली लावलीय. मग तो फिल्मची पेटी काखेत मारून अंधाऱ्या खोलीत शिरला, आणि दार बंद झालं.

भिकुबाईचे ओठ हलत होते. झुलाल त्या बंद दाराकडं पाहत होता. थैली दिसली, तर उकरणार. दिसली नाही, तर? तिसरी गोष्ट म्हणजे काय, ते डॉक्टर बोलले नव्हते. आपल्या शब्दावर हा माणूस थांबलाय, एवढंच त्याला कळत होतं. आत पोट उघडं आहे, बीपी उतरतंय, आणि हे सगळं अशा माणसाच्या शब्दावर, ज्याने तीन दिवसांत तीन हकिगती सांगितल्या.

निंबा ओली फिल्म दोन चिमट्यांत धरून बाहेर आला. तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तो धावतच आत गेला.

दार पुरतं लागलं नाही. फटीतून आवाज येत होते.

बघा सर, नळी सरळ.

फाटा?

नाही. कुठंच नाही. यकृतातून निघते ती थेट आतड्यात.

पुन्हा बघ. डावीकडं.

नाही सर. खडा तेवढा दिसतोय, खाली.

मग बेडसे यांचा आवाज, थकलेला. “थांबा सगळे. ही जन्मतःच अशी आहे. हिला थैली नव्हतीच. मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.” थाळीत चिमटा वाजला. “खडा काढू आणि बंद करू. बीपी किती?”

अठ्ठ्याऐंशी, कुणीतरी म्हणालं.

झुलाल बाकावर बसला.

दीड वाजता बेडसे बाहेर आले. खडा काढून त्यांनी चिटोऱ्यात ठेवला होता, तांबूस, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो त्यांनी अभिमनच्या हातावर ठेवला. मग समजावलं. काही हजारांत एखाद्याला ही थैली जन्मतःच नसते. पित्त सरळ आतड्यात उतरतं, माणूस जेवतोखातो, कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण काहींना कळा येतात, नळीत खडे होतात. आणि मशीनवर थैली दिसली नाही की आम्ही म्हणतो, आक्रसली आहे, किंवा काढली आहे. नसेलच, हे कुणी म्हणत नाही.

“तुमच्या खोट्यावर जळगावचे चुकले,” ते झुलालला म्हणाले. “तुमच्या खऱ्यावर मीही चुकलोच होतो. थैली आतच आहे म्हणून बसलो होतो.” त्यांनी मान हलवली. “आज तुम्ही ‘काढली होती’ म्हणाला असतात, तर मी पोट शिवून मोकळा झालो असतो. पोर वाचलीच असती. पण तिच्या कागदावर पुन्हा तेच लिहिलं गेलं असतं.”

ते हात धुवायला गेले. अभिमनने चिटोरा खिशात घातला आणि झुलालच्या शेजारी, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून बसला.

“जळगावला तुम्ही माझ्या बाजूलाच उभे होता, मामा,” तो म्हणाला. एवढंच.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मंदाच्या डोळ्यांतला पिवळेपणा फिका पडला. कुशीतून निघालेली रबराची नळी खाली बाटलीत सोडली होती आणि बाटलीत हिरवट पित्त थेंबाथेंबाने साठत होतं. भिकुबाई चहा आणायला गेली होती. झुलाल स्टुलावर बसून बाटलीवरची खूण पाहत होता. किती साठलं ते दर दोन तासांनी नर्सला सांगायचं काम त्याने मागून घेतलं होतं.

“मला ह्यांनी सगळं सांगितलं,” मंदा म्हणाली.

झुलालने मान वर केली नाही.

“मी रडले होते का, नाना?”

दोन वर्षांच्या पोरीचं कुणाला काय आठवतं, असं म्हणता आलं असतं. तू शुद्धीवर नव्हतीस, असंही म्हणता आलं असतं. आणि तेही जवळजवळ खरं ठरलं असतं.

“रडलीस,” तो म्हणाला. “मोठ्याने रडलीस. मग मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून.”

मंदाने डोळे मिटले. तिचा श्वास चादरीखाली वरखाली होत होता. टाक्यांमुळं तिला खोल श्वास घेता येत नव्हता, म्हणून ती छोटेछोटे घेत होती. झुलालला वाटलं, झोपली.

“उद्या सासूबाई येणार आहेत,” ती डोळे न उघडता म्हणाली. “माझ्या पोटात काय नव्हतं, आणि तीन वर्षांचं माझं दुखणं नाटक का नव्हतं, ते त्यांना तुम्ही सांगायचं. ह्यांनी नाही. डॉक्टरांनी नाही. पहिल्यापासून सांगायचं, विळ्यापासून.”

“सांगतो,” झुलाल म्हणाला.

“माझ्यासमोर.”

“तुझ्यासमोर.”

धरणगावची बस धुळ्याला किती वाजता लागते, ते त्याने चहा घेऊन आलेल्या भिकुबाईला विचारलं.